परतीची तारीख

चौदाव्या बाईनंही तेच वाक्य ऐकवलं तेव्हा हातातलं पेन उकिरड्यावर भिरकावून द्यावंसं वाटलं मला.

"आमच्या वाडीत पाण्याचं समदं बायाच ठरवतेत. गडी माणसं आमाला इचारल्याबिगर काय बी करत न्हायत."

वाक्य तेच, शब्द तेच, 'समदं'वर दिलेला जोरही तोच. एखादं उदाहरण सांगा म्हटलं की दुसरं वाक्य तयार: मागल्या साली पाण्याच्या टाकीची जागा आम्ही बायकांनीच बदलायला लावली. टाकी मी सातवीत असल्यापासून मारुतीच्या देवळामागे उभी आहे. ती वीतभरही सरकलेली नाही हे मला ठाऊक होतं, त्या बाईलाही ठाऊक होतं, आणि आम्ही दोघी त्याच टाकीच्या सावलीत बसून बोलत होतो.

मी तरी मुकाट्यानं लिहून घेतलं. मला तीस मुलाखती हव्या होत्या, परतीच्या विमानाला तीन आठवडे उरले होते, आणि उत्तर पटलं नाही म्हणून आपल्या मनाचं लिहायची सोय या कामात नसते.

मी शिवलीला. अणदूरपासून पाच किलोमीटरवरच्या वाडीत वाढले आणि सध्या इंग्लंडात, उत्तरेकडच्या एका विद्यापीठात, आंतरराष्ट्रीय विकास या विषयात एम.ए. करते आहे. 'म्हणजे नेमकं काय शिकतेस' हा प्रश्न गेल्या वर्षात मला इतक्या लोकांनी विचारला, की उत्तर देणं मी सोडून दिलं. आमचं भुसाराचं दुकान आहे. तिथं गिऱ्हाईकं अप्पांना विचारतात तेव्हा ते शांतपणे सांगतात की पोरगी बीडीओच्या वरचं शिकती. यापेक्षा बरं उत्तर माझ्याकडेही नाही.

पहिल्याच महिन्यात वर्गात चार-चार जणांचे गट करून प्रत्येक गटाला एक कागद दिला होता. त्यावर 'गाव एक्स'. चारशे बारा घरं, पाऊस कमी, विहीर एक. दोन तासांत या गावाचा पाणीप्रश्न सोडवून दाखवायचा होता. माझ्या गटात एक नॉर्वेची मुलगी, एक लंडनची आणि एक घानाचा मुलगा. दोघी मुली रंगीत चिठ्ठ्यांवर उपाय लिहून भराभर तक्त्यावर चिकटवायला लागल्या. मी विचारत बसले, की विहीर कुणाच्या रानात आहे? कागदावर नव्हतं. पाणी आधी वरच्या आळीला जातं की खालच्या? तेही नव्हतं. शेवटी आमचाच तक्ता सगळ्यात रिकामा राहिला, आणि घानाचा मुलगा तेवढा माझ्याकडे बघून हसत होता. सर म्हणाले, शिवलीलानं हे आयुष्य स्वतः जगलेलं आहे, वर्गासाठी ही फार मोलाची गोष्ट आहे. त्या दिवसापासून मीच वर्गाचं गाव एक्स झाले.

पडद्यावर डोक्यावर घागर घेतलेल्या बाईचा फोटो आला की वीस माना माझ्याकडे वळायच्या. सुरुवातीला आवडलं, खोटं कशाला बोलू. डिसेंबरपर्यंत मात्र माझं एका जागी बसणंच बंद झालं. ग्रंथालयात दर पंधरा मिनिटांनी उठायचे, बाहेर कालव्याच्या कडेनं भराभरा चालत जायचे, बोटं गारठली की परत यायचे आणि पुन्हा तेच पान उघडायचे. 'सहभाग' या एका शब्दावर मी चार निबंध लिहिले. चौथ्याच्या वेळी तो शब्द दिसला तरी डोक्यात तिडीक जायची.

आणि फेब्रुवारीत एकदा पडद्यावर आपलाच देश आला. भारतात गावच्या पाणी समितीत निम्म्या बायका घ्यायचा नियम आहे, त्यामुळे स्त्रियांचा सहभाग वाढला, असं काहीसं. मी उभी राहिले. म्हटलं, माझी आई, इरम्मा, अशाच एका समितीवर आहे. पाच वर्षांत ती एकाही बैठकीला गेलेली नाही. रजिस्टर घरी येतं, ती भाकरी थापता थापता हात पुसते, सही करते आणि पुन्हा भाकरीला लागते. वर काय लिहिलंय ते वाचतसुद्धा नाही.

तास संपल्यावर माझ्या गाईड मॅडम जवळ आल्या आणि म्हणाल्या, हाच तुझा प्रबंध. त्या दिवशी मी खोलीवर जवळजवळ उड्या मारत गेले. मला तिथं गेल्यापासून पहिल्यांदा वाटलं, की माझ्याजवळ काहीतरी आहे जे यांच्या कुणाच्याच जवळ नाही.

म्हणून जूनमध्ये मी दीड महिन्यासाठी वाडीत आले. आमच्या पाणी समितीत बायकांना खरंच कुणी विचारतं का, हे तीस बायकांच्या तोंडून घ्यायचं होतं. उत्तर मला माहीतच होतं. मॅडमनी निघताना बजावलं होतं, की ठाऊक असलेलं शोधायला जाऊ नकोस. मी मान डोलावली होती. या मुलाखतींवर प्रबंध, प्रबंधावर पदवी, आणि सरकारी शिष्यवृत्तीवर गेलेली वाडीतली पहिली मुलगी मी. हात हलवत परत येणं मला परवडणारं नव्हतं.

घरी आल्याच्या तिसऱ्या दिवशी विद्यापीठानं ऑनलाइन बैठक ठेवली होती. प्रत्येकानं दहा मिनिटांत आपल्या कामाचा आराखडा सांगायचा. आमच्याकडे नेट फक्त सोप्यातल्या खाटेवर नीट येतं. मी खाटेवर लॅपटॉप घेऊन बसले, अव्वा, म्हणजे माझी आई, खाली पाटावर शेंगा फोडत होती, धाकटी बहीण निकिता आत बारावीचं पुस्तक घेऊन बसली होती. मी इंग्रजीत धडाधड बोलले. बोलताना 'इरम्मा' हे नाव दोन-तीनदा आलं. पहिल्यांदा आलं तेव्हा अव्वानं मान वर करून बघितलं. मी हसून हात हलवला, तीही हसली आणि पुन्हा शेंगा फोडायला लागली. मी विसरून गेले.

पुढचे आठ-दहा दिवस परवानगीचे कागद, जुने ठराव, घरांची यादी यासाठी तुळजापूरच्या चकरांत गेले. सकाळी अणदूर फाट्यावरून बस धरायची, संध्याकाळी अंगभर धूळ घेऊन यायचं. घरी नुसतं बसून राहणं मला तसंही जमत नव्हतं. इंग्लंडात वाडी आठवायची आणि वाडीत आल्यावर प्रबंध. अव्वा म्हणायची, तुझ्या पायाला भिंगरी लागलीय. त्याच दिवसांत एकदा सकाळी सहालाच घागरींच्या खडखडाटानं मला जाग आली. आमची खालची आळी. आमच्याकडे नळाला पाणी दुपारी दोनला यायचं, बायका रानात असताना. घरात जी कुणी म्हातारी असेल ती तीन घरांचं भरायची. सहाला कसं काय, म्हणून मी पांघरुणातूनच वैतागून विचारलं. "आता सकाळी येतंय," एवढं बोलून अव्वा घागर घेऊन गेली. मी डोक्यावर उशी ओढली.

आणि मग मुलाखती सुरू झाल्या आणि हे असं: चौदा बायका, एक उत्तर. वीस झाल्या तेव्हा मी सगळं टाईप करून मॅडमना पाठवलं. मनात होतं की त्याच म्हणतील, काहीतरी गडबड आहे. त्यांचं उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. त्यांना उत्तरांतली एकवाक्यता विलक्षण वाटली होती. पुढे त्यांनी फार सौम्य शब्दांत लिहिलं होतं, की शिकून बाहेर गेलेली माणसं कधीकधी आपल्याच गावातल्या बायकांना कमी लेखतात. तुझ्या बाबतीत तसं झालं असेल का, याचा विचार कर.

तोंडात मारल्यासारखं झालं. मेल वाचून मी चपला घातल्या आणि अणदूरच्या रस्त्याला लागले. फाट्यापर्यंत गेले, हायवेवर ट्रकांचा धुरळा खात उभी राहिले आणि परत आले. मग पुन्हा अर्ध्या रस्त्यापर्यंत गेले. खरंच मी चुकत होते का? पाच वर्षं समिती बायकाच चालवत होत्या आणि मला फक्त रजिस्टर आणि भाकरीचं पीठ लागलेली बोटं दिसत होती? पण मग ती टाकी? टाकी तर जागच्या जागी होती. मला कुणाचाच भरवसा वाटेना, माझाही नाही.

अठ्ठावीस झाल्या. एकोणतिसावी होती रुद्रम्माकाकू.

रुद्रम्माकाकू साठीची. कडक भाकरी करून सोलापूरला विकायला पाठवते. तिच्या ओसरीवर पापडासारख्या वाळलेल्या ज्वारीच्या भाकरींच्या चळती लागलेल्या असतात आणि ती बोलता बोलता त्या पिशव्यांत भरत असते. मराठी बोलताना मध्येच कानडीत शिरते आणि समोरच्याला ते कळलंच पाहिजे असं धरून चालते. मी संमतीचा फॉर्म काढून नेहमीसारखा वाचायला घेतला: तुम्ही सांगाल ते फक्त अभ्यासासाठी वापरलं जाईल, तुमचं नाव गुप्त ठेवलं जाईल, नको वाटलं तर कधीही माघार घेता येईल. आतापर्यंतच्या अठ्ठावीस जणींनी मी दुसऱ्या ओळीवर असतानाच सही करून टाकली होती. काकूनं भाकरी भरायच्या थांबवल्या आणि शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

मग विचारलं, "परत कधी आणणार, ते कुटं लिवलंय?"

काय परत आणणार, मला कळेना.

"माझं बोलणं. नेणार हैस न्हवं तिकडं?"

मी हसले. ती हसली नाही. आमच्याकडे अणदूरचा खंडोबा हिवाळ्यातले काही आठवडे नळदुर्गला असतो. मूर्ती एकच, देवळं दोन. देव हलवायचा तर दोन्ही गावचे मानकरी बसून कागद करतात: कधी नेला, कधी परत आणणार. लहानपणापासून हे इतकं ऐकलेलं, की त्यात काही विशेष आहे असं मला कधी वाटलंच नाही. काकू म्हणाली, देवाला नेताना परतीची तारीख लिवतेत, आन् बाईमाणसाचं बोलणं न्यायचं तर तारखेबिगर?

मी समजावलं, की हा विद्यापीठाचा छापील फॉर्म आहे, नीतिमत्ता समितीनं मंजूर केलेला, त्यात अशी जागाच नाही. माझा आवाज चढला होता, मलाच ऐकू येत होता. काकू पुन्हा भाकरी भरायला लागली. जागा नसेल तर ती बोलणार नव्हती. शेवटी मी चिडून फॉर्मच्या खालच्या कोऱ्या पट्टीवर पेन टेकवलं आणि विचारलं, काय लिहू? तिनं एकेक शब्द सांगितला तसा मी लिहिला: देव नळदुर्गाहून अणदूरला परत यायच्या आत शिवलीलानं येऊन सगळ्या बायांना वाचून दाखवायचं. तिनं ते दोनदा वाचून घेतलं, वेलांट्या काढत सावकाश सही केली आणि पेन माझ्या हातात दिलं.

"आता सांग. खरं सांगू का पाठ केलेलं?"

खरं सांगा काकू, म्हटलं मी.

काकूनं सगळं सांगितलं, भाकरी भरता भरता. दर सोमवारी मठात बायकांचं भजन असतं. भजन झाल्यावर माझ्या अव्वानं दोन सोमवार सगळ्यांना बसवून घेतलं होतं. शिवलीलाची परीक्षा आहे, ती वाडीत येऊन प्रश्न विचारणार आहे आणि उत्तरं चुकली तर ती नापास होणार, असं अव्वानं सांगितलं. परीक्षा म्हटल्यावर बरोबर उत्तर एकच असणार, यात कुणालाच शंका नव्हती. आपल्या गावच्या पोरीला आपणच पास करायचं नाही तर कुणी? अव्वा वाक्य सांगायची, बायका मागून म्हणायच्या, जिचं चुकलं तिला पुन्हा म्हणायला लावायची. 'समदं'वर जोर द्यायचा हेसुद्धा अव्वाचंच.

मी डोकं धरून बसले. अठ्ठावीस मुलाखती, तीन आठवडे, सगळं पाण्यात. पण काकूचं संपलं नव्हतं.

उदाहरण विचारलं तर काय सांगायचं, यावर मठात अडलं होतं. कुणीतरी टाकीचं सुचवलं. रुद्रम्माकाकू म्हणाली, टाकीचं खोटं गावाच्या कुठल्याही कोपऱ्यातून दिसतंय. एखादं खरं सांगा की. सगळ्या आठवायला लागल्या. एकीलाही एकसुद्धा आठवेना. पाच वर्षांत पाण्याबद्दल बायकांनी ठरवलेली एक गोष्ट नव्हती. मग कुणीतरी विषय काढला, की ही दोनची पाळी खालच्या आळीलाच का? एकीला दोन, दोघींना चार असं करत सगळ्या बोलायला लागल्या आणि भजनापेक्षा मोठा आवाज झाला. दुसऱ्या दिवशी अकरा बायका महारुद्रच्या दारात गेल्या, पुढे अव्वा. महारुद्र म्हणजे ग्रामपंचायतीचा पाणी सोडणारा माणूस. सह्यांसाठी रजिस्टर घरोघर फिरवायचं कामही त्याच्याकडेच. तो म्हणाला, पाळी बदलायला ठराव लागतो. अव्वा म्हणाली, आण तुझं रजिस्टर, आमीच लिवतो. तिथंच त्याच्या ओट्यावर बसून तिनं लिहिलं आणि मग सगळ्यांनी खाली सह्या केल्या.

म्हणून पाणी सहाला येत होतं. मी उशीखाली डोकं घालून झोपले होते ते हेच.

मी विचारलं, मग हे का नाही सांगितलं मला? हे तर खरं होतं. काकूला माझा प्रश्न खुळचट वाटला असावा. ती म्हणाली, बाहेरच्या कागदावर आलं की साहेब येतेत, आणि साहेब आले की पाणी पुन्हा दुपारी. तुझ्या परीक्षेला टाकी पुरे की. वर "होगली बिडु" म्हणाली, म्हणजे जाऊ दे, सोड, आणि मला दोन कडक भाकरी बांधून दिल्या.

घरी गेले ती रागातच. अव्वा सोप्यात हरभऱ्याची डाळ निवडत होती. मी उंबऱ्यातूनच सुरू झाले. तू माझं वर्ष वाया घालवलंस, अठ्ठावीस बायकांकडून खोटं वदवलंस, माझी डिग्री गेली, आता मी मॅडमना काय तोंड दाखवू. जे तोंडाला येईल ते बोलले. अव्वा डाळ निवडत राहिली. एक खडा उचलून तिनं बाजूला ठेवला. आतून निकिता दारात येऊन उभी राहिली आणि माझ्याकडे न बघता खाली बघायला लागली.

अव्वा म्हणाली, "तू त्या खाटंवर बसून माझं नाव घेतलंस. निकिताला इचारलं म्या, ताई काय म्हनली म्हून."

तिनं आणखी एक खडा बाजूला काढला.

"खोटं न्हाय सांगितलंस. न वाचताच सही करत हुते म्या. पर सांगायच्या आदी मला एक डाव इचारायचं तरी."

एवढंच. आवाजही चढला नव्हता. मी तिच्यासमोर खाली बसले. माझ्या पिशवीत एकोणतीस फॉर्म होते. प्रत्येकीला मी वाचून दाखवलं होतं, की तुमचं नाव गुप्त ठेवीन, तुमच्या परवानगीशिवाय काही सांगणार नाही. आणि जिचं नाव मी वर्गात उभं राहून वीस परक्या माणसांना सांगितलं, जिच्या सहीवर माझा सगळा प्रबंध उभा होता, तिच्यापुढे मी एकही कागद धरला नव्हता. ती आई होती, म्हणून विचारायची गरजच वाटली नव्हती. महारुद्रला तरी वेगळं काय वाटत होतं? मला स्वतःची इतकी लाज कधीच वाटली नव्हती. मी तिच्या सुपातली डाळ निवडायला घेतली.

दुसऱ्या दिवशी मी मॅडमना सगळं लिहून कळवलं. अठ्ठावीस उत्तरं पढवलेली आहेत, पढवणारी माझी आई आहे, तिनं ते का केलं, आणि उत्तरं पाठ करता करता त्या बायकांनी पाच वर्षांतला पहिला ठराव कसा लिहिला. मला यावरच लिहायचंय, असंही कळवलं. गावाचं नाव मी आधीपासून बदललेलंच होतं, त्यामुळे साहेब येऊन पाळी बदलतील ही भीती नव्हती. रुद्रम्माकाकूला ते समजावून सांगून तिची परवानगीही घेतली.

मॅडमचं उत्तर यायला दोन दिवस लागले. ते दोन दिवस मी घर आणि मारुतीचं देऊळ यांच्यामध्ये किती चकरा मारल्या ते त्या टाकीलाच ठाऊक. मॅडमनी लिहिलं होतं, की प्रबंध हाच, नि:शंक लिही. पण त्याच्या मध्यभागी तुझी आई आहे, तेव्हा तिची लेखी संमती हवी. ती निघण्याआधी मिळाली नाही तर विषय बदलावा लागेल आणि पुस्तकांवरून काहीतरी लिहावं लागेल. विमान बुधवारी होतं. त्या दिवशी गुरुवार होता.

दुपारचं जेवण आवरल्यावर मी अव्वासमोर फॉर्म ठेवला. तिनं पदराला हात पुसले, पेन घेतलं आणि सवयीनं थेट खालच्या रेघेकडे गेली. पेनचं टोक रेघेवर टेकलं आणि तिथंच थांबलं. तिनं पेन कागदावर आडवं ठेवलं.

"वाच."

मी वाचलं. एकेक ओळ वाचून मराठीत सांगितली. माघार कधीही घेता येईल यावर तिनं मान हलवली. नाव गुप्त ठेवलं जाईल, नावाऐवजी दुसरं नाव वापरलं जाईल, या ओळीवर तिनं हात वर करून मला थांबवलं आणि ती पुन्हा वाचायला लावली. मी वाचली. मला वाटलं, निदान ही ओळ तरी तिला आवडेल.

"म्या न वाचता सही करत हुते, तवा माझं नाव समद्यांना सांगितलंस. आता बाया गोळा करून ठराव लिवला, तर नाव झाकतीस व्हय?"

विद्यापीठाचा नियम आहे, तुझ्या भल्यासाठीच आहे, ही सगळी वाक्यं मला पाठ होती. मी पेन घेऊन ती ओळ खोडली आणि वर लिहिलं: इरम्मा शरणबसप्पा, सदस्य, पाणी समिती. विद्यापीठ हे चालवून घेईल की नाही मला माहीत नव्हतं. मॅडमशी भांडावं लागलं असतं तर मी भांडणार होते. अव्वानं नावावरून बोट फिरवून अक्षरं तपासली. मग खालची कोरी पट्टी दाखवून म्हणाली, रुद्रम्माच्या कागदावर लिहिलंस ते हितं बी लिव. मी लिहिलं: देव अणदूरला परत यायच्या आत.

मला वाटलं, आता झालं. मी पेन तिच्यापुढे धरलं. तिनं ते घेतलं नाही. कागदाची चौघडी करून कनवटीला खोचली आणि सांगितलं, की सोमवारी भजनानंतर हा कागद ती मठात सगळ्या बायकांना वाचून दाखवणार आहे. त्यांचंही त्यात आहेच की. त्या काय म्हणतात ते बघून मग सहीचं ठरवणार. मी उठून उभी राहिले, सोप्यात दोन चकरा मारल्या, पुन्हा तिच्यासमोर आले आणि म्हटलं, अव्वा, माझं विमान बुधवारी आहे.

"मग सोमवार त्याच्या आदीच येतोय की," ती म्हणाली, आणि दुपारची भांडी घासायला गेली.